अर्जातली ती ओळ

शाळेच्या ग्रुपवर मेसेज आला, ‘हमीद सर गेले. कार्डिअ‍ॅक अरेस्ट.’ मी तेव्हा हैदराबादच्या दवाखान्यात, फायलींच्या खोलीत उभा होतो. रडू यायच्या आधी मनात आलं, कार्डिया म्हणजे काळीज. सरांनीच लावलेली खोड, ती त्यांच्या मरणावरही चालली... थोड्या वेळानं आमच्या जुन्या मुख्याध्यापकांनी खाली लिहिलं, ‘विद्यार्थिप्रिय शिक्षक हरपला.’ त्या माणसावर चिडायचा हक्क मला नाही, तरी चिडलो.

सर अकोटला आम्हाला इंग्रजी शिकवत. गाव जिनिंगचं, त्यामुळे उदाहरणही तिथलंच. कापसातून सरकी काढतात तशी शब्दातून काढा, म्हणायचे. सरकी पेरली की झाड येतं, तसा एक ग्रीक किंवा लॅटिन तुकडा कळला की दहा शब्द उगवतात. हायड्रो म्हणजे पाणी, फोबिया म्हणजे भीती. पिसाळलेलं कुत्रं चावल्यावर होणाऱ्या रोगाचं नाव आम्ही पाठ न करता फळ्यावर लिहिलं होतं. मागच्या बाकावरून एकानं विचारलं, “सर, हे बोर्डात येते का?” सर म्हणाले, “बोर्डात नाई येत. दवाखान्यात येते, कोर्टात येते, तुया बापाच्या औषधाच्या बाटलीवर येते. तवा कोनाले इचारशीन? मले फोन करशीन?” वर्ग हसला. पण ‘बोर्डात येत नाही’ एवढंच बाहेर गेलं.

मी नववीत होतो. मुख्याध्यापकांनी ऑफिसात बोलावलं, खुर्चीवर बसवलं, चहा दिला. “तुझं अक्षर वळणदार आहे. पालकांचा एक अर्ज आहे, नीट उतरवून दे.” अर्ज सरांविरुद्ध होता, हे मला दुसऱ्याच ओळीला कळलं. तरी मी थांबलो नाही. उलट मुख्याध्यापकांच्या मसुद्यात ‘अभ्यासक्रमाबाहेरचे शिकवतात’ एवढंच होतं, तिथे मी हुशारी दाखवली. विचारलं, “सर, ‘ग्रीक व लॅटिन शब्दांचे तुकडे शिकवण्यात वेळ घालवतात’ असं लिहू का?” ते खूश झाले. कोणी धमकावलं नव्हतं मला. चहाची बशी हातात होती आणि मला मोठं झाल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात खडूचा डबा न्यायला गेलो, तेव्हा सर तिथे उभ्यानं तो अर्ज वाचत होते. बराच वेळ वाचला. मग म्हणाले, “अक्षर चांगलं हाये,” आणि झेरॉक्स मागून घेतली. माझ्याकडे पाहिलंही नाही. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत त्यांच्याकडे पाचवीचे वर्ग आणि कोणी रजेवर असलं की रिकामे तास.

त्याच वर्षी जिनिंगमध्ये बाबांच्या हाताला लागलं, माझी शाळा सुटली. मामासोबत हैदराबादला निघालो, तर सर एसटी स्टँडवर आले. “काहून चालला रे? परीक्षा तं देऊन जाय.” नाही जमणार म्हटल्यावर एक वही दिली, त्यांनी स्वतः लिहिलेली, सगळे तुकडे अर्थासकट. त्या वहीवर माझं पोट चाललंय, हे मी कोणालाही सांगेन. नेफ्रो म्हणजे मूत्रपिंड, हेपॅटो म्हणजे यकृत... दवाखान्यातल्या नोकरीच्या पहिल्या दिवशी फायलींचा ढीग मी एकही न चुकता विभागवार लावला. अजूनही रोज धाकधूक असते, नववीतच शाळा सुटलेला आहे हे कोणी शोधून काढेल म्हणून.

फोनवर सर एवढंच विचारायचे, “नवा शब्द कोनता आला?” एकदा मी धीर केला. “सर, एक सांगायचं होतं.” ते म्हणाले, “शब्द सांग, बेटा.” मी शब्द सांगितला. दिवाळीत घरी जाऊन समोरासमोर बोलू, असं ठरवून टाकलं. बऱ्याच दिवाळ्या ठरवल्या.

मागच्या आठवड्यात त्यांच्या मुलाचा, रिझवानचा फोन आला. “भाऊ, अब्बूच्या पेटीत एका अर्जाची झेरॉक्स भेटली. त्याईच्याच विरोधात हाये. अक्षर लई सुंदर हाये. कोनाचं, ओळखता का?” त्यानं फोटो पाठवला. एकाच ओळीखाली पेन्सिलची रेघ होती, ग्रीक आणि लॅटिनच्या. ते शब्द शाळेत त्यांच्या वर्गाबाहेर कोणाच्या तोंडी नव्हते. म्हणजे अक्षर तर सरांनी ओळखलंच होतं, ओळही माझी हे कळलं होतं. वही द्यायला आले तेव्हाही ठाऊक होतं.

रिझवानला मी म्हटलं, “नाही ओळखू येत.” तो म्हणाला, “जाऊ द्या. कोनी तरी लेकरू असन.”

हे सगळं मोबाइलवर टाइप केलंय. छापून आल्यावर यात माझं अक्षर दिसणार नाही, म्हणून शब्दांतच लिहितो. रिझवान, ते अक्षर माझं आहे. ती ओळही माझीच.