मुखपृष्ठाची आतली बाजू

फिजिक्सच्या शेवटच्या वर्षी विज्ञानाचा इतिहास हा माझा पर्यायी विषय होता आणि संशोधनाची जागा त्यातल्या प्रबंधावर अवलंबून होती. ऐंशीचे दशक संपत आले होते. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी बालमासिकांत मुलांना आणि मुलींना विज्ञान किती दिले जाई, हा माझा प्रश्न होता. लंडनच्या ग्रंथालयात बसून मी चामडी बांधणीचे वार्षिक खंड पानोपान मोजले. मुलांना वाफेची इंजिने, विद्युतघट, दुर्बिणी. मुलींना भरतकाम, शुश्रूषा आणि सद्वर्तन. आलेख अतिशय स्वच्छ आला. मुलींकडून विज्ञानाची मागणीच नव्हती, असा निष्कर्ष मी लिहून टाकला.

प्रबंध बुधवारी द्यायचा होता. आदल्या रविवारी मी कॉव्हेंट्रीला घरी गेले. आई नुकतीच हॉस्पिटलमधली ड्यूटी संपवून आली होती. कोट न काढताच तिने आलेख पाहिला.

"मुलींची पत्रं कुठे मोजलीस?"

"खंडांत पत्रांचं सदरच नाही, आई."

"बाउंड व्हॉल्यूम्स ना? मग कव्हरं कुठे गेली?"

मला प्रश्नच समजला नाही.

"अगं, लहानपणी पुण्यात आमच्या मासिकाचे वर्षभराचे अंक बाइंडिंगला जायचे. बाइंडर आधी कव्हरं आणि जाहिराती फाडून टाकायचा. कोडं सुटलं म्हणून माझं नाव छापून आलं होतं, कव्हरच्या आतल्या बाजूला. गेलं रद्दीत! दोन दिवस जेवले नव्हते मी."

"तू? दोन दिवस?"

"बरं, एक दिवस. फिजिसिस्टबाई, सॅम्पल कोणी कापलं ते आधी बघावं."

सोमवारी मी ग्रंथपालांकडे सुटे अंक मागितले. तळघरातून एक खोका आला. त्यात मुलींच्या मासिकाचे सात अंक होते, फिकट मुखपृष्ठांसकट. आतल्या बाजूला बारीक टायपात संपादकांची उत्तरे होती. प्रश्न छापायचे नाहीत, फक्त उत्तरे, अशी तेव्हाची रीत. त्यामुळे मुलींनी काय विचारले असेल ते उत्तरांवरूनच ताडावे लागे. एकीला धूमकेतूच्या शेपटीबद्दल सांगितले होते. दुसरीला, पाण्यात आम्ल हळूहळू घालावे, आम्लात पाणी कधीही नाही. तिसरीला, असल्या जिज्ञासेपेक्षा शिवणकामाकडे लक्ष द्यावे.

सात अंकांवरून काहीही सिद्ध होत नव्हते. माझा निष्कर्ष मात्र त्यांनी मोडला होता. मी गप्प राहिले असते, तर मार्गदर्शकांना मुखपृष्ठे आठवलीही नसती. त्या मोहात मी अख्खी दुपार काढली. मंगळवारी शेवटचे प्रकरण पुन्हा टाइप केले. आलेख ठेवला, पण त्याखाली लिहिले की तो बांधणीत टिकलेल्या पानांचा आहे, मुलींच्या कुतूहलाचा नाही.

"पहिला मसुदा अधिक ठाम होता," मार्गदर्शक म्हणाले.

"तेव्हा मी मुखपृष्ठे पाहिली नव्हती."

गुण मध्यम मिळाले. ती जागा दुसऱ्या कुणाला गेली; मला वर्षभर थांबून दुसऱ्या विद्यापीठात जावे लागले. निकाल आईला फोनवर सांगितला. त्या सात अंकांतली उत्तरे तिला आधीच वाचून दाखवली होती.

ती म्हणाली, "त्या आम्लवालीला उत्तर बरोबर दिलं होतं ना?"

"अगदी बरोबर."

"मग तिने करून बघितलं असणार."