बाबांच्या मीटरचं चाळीस

आमचे बाबा खोटारडे होते.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं आणि मला हे परवा कळलं. रागावू नका, पूर्ण वाचा.

साखरखेर्ड्यात स्टँडजवळ बाबांचं दुकान होतं. जुन्या मोटरसायकलींचे मीटर रिपेअर करायचे. काटा अडकला, केबल तुटली, काचेत पाणी गेलं, सगळं बाबांकडे यायचं.

मीटर उघडणं सोपं असतं. खरी परीक्षा काटा परत बसवताना. जरासा सरकला की स्पीड चुकलाच.

म्हणून बाबांची एक पद्धत होती. गिऱ्हाइकाची गाडी आणि बाबांची गाडी लव्हाळ्याच्या रस्त्याला जोडीनं चालवायच्या. बाबा आपलं मीटर बघून ओरडणार, "चाळीस!"

गिऱ्हाइकानं आपलं बघून ओरडायचं, "चाळीस!"

नाही जुळलं तर परत दुकान, परत काटा. जुळलं तर चहा.

लोक म्हणायचे, घड्याळ चुकेल पण मीटरवाल्याच्या गाडीचं मीटर चुकणार नाही. मला काय मिरवायला व्हायचं त्याचं!

बाहेरगावचे पाहुणे मात्र चिडवायचे. "तुमच्या गावची पोरं लग्नाले पंगत उठल्यावर पोचतात बे!" आम्ही हसून सोडून द्यायचो.

सलीमचाचा म्हणजे बाबांचे जिगरी दोस्त. बाजाराच्या दिवशी गावोगाव कपडे विकतात. गाडीच्या मागे गठ्ठा बांधायचा आणि निघायचं, आज सुलतानपूर, उद्या आणखी कुठं.

बाबा अचानक गेले तेव्हा चाचांचं मीटर दुकानात उघडं पडलेलं होतं. काटा बसवायचा राहिला होता.

वर्षभर चाचा तशीच गाडी चालवत होते. मीटरच्या जागी भोक आणि त्यावर बांधलेली प्लास्टिकची पिशवी.

मी एकदा म्हटलं, "चाचा, मेहकरला दाखवा ना कोणाला तरी."

"काऊन? माह्या दोस्तापाशी हाय काम. झालं की घेईन."

हे ऐकून मी आत गेले आणि ढसाढसा रडले.

मग ठरवलं. पुण्यस्मरणाच्या आत चाचांचं मीटर चालू करून द्यायचं म्हणजे द्यायचं. आता चिखलीला नर्सची ड्युटी करते, पण कॉलेजच्या सुट्ट्यांमध्ये बाबांशेजारी बसून काटे मीही बसवलेत.

परवा दुकानाचं शटर उघडलं. धूळ पुसली, तेल दिलं, काटा बसवला, काच लावली.

मी बाबांच्या गाडीवर, चाचा त्यांच्या. लव्हाळ्याचा रस्ता.

"चाळीस!" मी ओरडले.

"अडतीस!"

परत दुकान. परत काटा. परत रस्ता.

"चाळीस!"

"चाळीस वं पोरी! बराबर चाळीस!"

मला आभाळ ठेंगणं झालं. बाबांच्या गाडीला भावानं मोबाइलचं होल्डर लावलंय. म्हटलं, बाबांचं मीटर किती खरं ते चाचांना मॅपवर पण दाखवू. होल्डरमध्ये फोन अडकवून मॅप उघडला, गाडी परत चाळीसवर घेतली.

फोन म्हणाला, तेहतीस.

नेटवर्क नसेल म्हणून परत बघितलं. तेहतीसच.

बाबांचंच मीटर चुकीचं? मग त्याच्यावरून लावलेली अख्ख्या गावाची मीटरं?

गाड्या बाजूला घेतल्या आणि चाचांना फोन दाखवला. चाचा असे हसत सुटले की गाडी स्टँडवर लावावी लागली.

"धरलं का आज तुह्या बापाले?"

"म्हणजे?"

"जवानीत मी लय जोरात चालवो. एक डाव गठ्ठ्यासकट पडलो, पाय मोडला. तुह्या बापानं दवाखान्यात येऊन शिव्या घातल्या, म्या ऐकल्या नाही. बरा झालो त म्हणे, तुह्या मीटरचा काटा ढिल्ला झाला, आण इकडं. अन् देला वाढवून बसवून! पण माह्यासंगं जोडीनं चालवाचं होतं ना? म्हणून पहिले स्वतःच्याच मीटरचा काटा वाढवला त्यानं."

"तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच बाजाराले. मीटरवर साठ, अन् दूधवाल्याची खटारा गाडी बाजूनं निघून गेली."

"मग बोलला का नाहीत बाबांना?"

चाचांनी मीटरच्या काचेवरून बोट फिरवलं.

"त्याले वाटे, मले माहीत नाही. लय खूश होता वं तो. मी काऊन सांगू? चालवत राह्यलो हळूच."

माझ्या बाबांनी दोस्ताला जपायला स्वतःचं मीटर खोटं केलं. आणि दोस्तानं ते जन्मभर खरं मानून चालवलं.

मी विचारलं, "चाचा, आता खरा लावून देऊ काटा?"

"हात नको लावू! मुश्किलीनं जुळलं. चाल, चहा पाज."

तर गावकऱ्यांनो, लग्नाला उशीर का होतो ते आज कळलं असेल. काटे दुरुस्त करून मागायला माझ्याकडे येऊ नका, मिळणार नाहीत. पाच मिनिटं आधी निघा.

बाबा, राहिलेलं काम झालं. तुमच्याच मापानं केलंय.

सलीमचाचा अजून हळूच चालवतात. काळजी करू नका.

जयभीम, बाबा.