अडलेली शेळी

सातवीच्या उन्हाळ्यात मी सेनगावला मामाकडे होते. हिंगोलीकडचा हा भाग तेव्हा अजून परभणी जिल्ह्यातच होता. मामा गुरांचे डॉक्टर. घरी कंटाळा यायचा म्हणून मी त्यांच्याबरोबर दवाखान्यात जाऊ लागले. सुया उकळायच्या, जखम धुताना पाणी ओतायचं, एवढंच माझं काम. बैलानं हिसडा दिला की मी भिंतीला चिकटायचे.

एका सकाळी तांड्यावरची एक बाई जीपमधून शेळी घेऊन आली. शेळी पहाटेपासून अडली होती. तिच्यात ओरडायचंही त्राण उरलं नव्हतं. पिल्लाचं तोंड दिसत होतं, पण ते पुढे सरकत नव्हतं. पहिलंच वेत, त्यात मामांचा हात रुंद, आत जाईना. त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं. नखं काढून कोपरापर्यंत साबणानं हात धुऊन ये म्हणाले.

मला नाही म्हणायचं होतं. पण शेळीची मान मांडीवर घेऊन बसलेली ती बाई माझ्याकडेच बघत होती.

आत कढत होतं, आणि इतकं घट्ट की बोटं बधिर व्हायला लागली. तोंडाखाली दोन खुरं लागायला हवीत, असं मामांनी सांगितलं होतं. मला एकच लागलं. दुसरा पाय मुडपून मागे राहिला होता. मी घाबरून ओढू लागले.

"ओढू नको," मामा हळूच म्हणाले. "कळ आली की थांब. कळ ओसरली की मग हात हलव."

मी थांबले. कळ ओसरल्यावर पिल्लाचं डोकं जरासं मागे सारलं, आत टोचू नये म्हणून खूर मुठीत झाकलं आणि पाय पुढे आणला. पुढच्या कळेला मामांनी पिल्लू बाहेर घेतलं. ते निपचित होतं. मामांनी नाकातोंडातला चिकटा पुसला, गोणपाटानं अंग चोळलं, नाकात गवताची काडी फिरवली. पिल्लू शिंकलं. शेळी मान वळवून त्याला चाटू लागली. थोड्या वेळानं दुसरं पिल्लू आपलं आपणच आलं.

"लेकरानं लई धीर धरला," बाई मामांना म्हणाली आणि प्यायला पाणी मागितलं. पहाटेपासून तिनं घोटभरही घेतलं नव्हतं.

धीर म्हणजे झटकन काहीतरी करणं, असं मला तोवर वाटायचं. थांबणंही कामच असतं, हे त्या दिवशी हाताला कळलं. मग दवाखान्याच्या पायरीवर बसून मी उगाचच हसत राहिले.

दुपारच्या जीपमध्ये माणसांनी पाय आखडून शेळीला जागा दिली. दोन्ही पिल्लं बाईच्या ओटीत होती.