अकरा शेंगदाण्यांचा पंचनामा

एक अनोळखी मुलगी माझाच जुना बक्कल नंबर मला वाचून दाखवत होती, ती दुपार मी अजून विसरलेलो नाही. निवृत्तीला सात-आठ महिने उरले होते. मुलगी पंचविशीतली, लहानपणी दत्तक गेलेली. शेजारी तिला वाढवणारी आई. दत्तक संस्थेकडून रीतसर मिळालेल्या पंचनाम्याच्या प्रतीवर लिहिणाऱ्या हवालदाराचा नंबर होता आणि तो हवालदार मीच होतो.

बावीस वर्षांपूर्वी कासारवाडी स्टेशनबाहेर तीन वर्षांची ती मला रडताना सापडली होती. हुंदक्यांमधून तिने जे नाव सांगितलं, ते मी अंदाजाने लिहिलं. संस्थेच्या कागदावर त्याचं दुसरंच झालं, इंग्रजीत तिसरं. आडनावाची तर तऱ्हाच निराळी. अंगावरच्या वस्तू मात्र मी इमानेइतबारे नोंदवल्या होत्या. निळा फ्रॉक एक, पुढे खिसा, खिशात सोललेले शेंगदाणे अकरा नग. त्या शेंगदाण्यांवरून ठाण्यात माझी यथेच्छ टिंगल झाली. पुढे पालक मिळून आले नाहीत असा अहवाल गेला आणि मुलगी दत्तक दिली गेली.

"जन्मदात्या आईने मला सोडलं की मी हरवले, एवढं तरी कळू दे," मुलगी म्हणाली.

महिनाभर मी नावाच्या मागे लागलो. एकाच नावाचे सुचतील तेवढे अवतार कागदावर काढले आणि आजूबाजूच्या ठाण्यांतल्या हरवलेल्या मुलांच्या नोंदवह्या चाळल्या. हाती काही लागलं नाही. हात टेकले, हे सांगायला दोघींना बोलावलं, तेव्हा वाढवणाऱ्या आईने पिशवीतून तो फ्रॉक काढला. संस्थेने मुलीबरोबर दिलेला, तिने इतकी वर्षं जपलेला.

"साहेब, मी शिवणकाम करते. हा विकतचा नाही, पुरुषाच्या शर्टातून बेतलाय. खिसा मूळ शर्टाचाच आहे. त्यावरचं कंपनीचं नाव उसवलंय, ही बघा सुईची भोकं." मग ती मुलीकडे वळली. "टाकून द्यायच्या पोरीसाठी कुणी एवढं बसून शिवतं होय?"

मी पोलीस असून मला हे दिसलं नव्हतं, याची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी त्याच वह्या पुन्हा काढल्या. आता नावाचा रकाना हाताने झाकायचा आणि फक्त कपड्यांचा वाचायचा. तिसऱ्या ठाण्यात ओळ सापडली: 'बापाच्या कंपनीच्या शर्टाचा निळा फ्रॉक'. तारीख तीच. नाव माझ्या नोंदीशी कुठेच जुळत नव्हतं. पत्ता आकुर्डीतल्या भाड्याच्या खोलीचा होता.

खोलीचे मालक, गावातले जुने शेतकरी, ओट्यावरच भेटले.

"व्हय, ऱ्हायची की. लातूरकडची मान्सं. पोरगी हरवल्यावर बाईनं लई वर्सं खोली सोडली न्हाई. पोर आली तर हितंच यील म्हनायची. आता चाकनला असत्यात."

चाकणला साध्या कपड्यांत गेलो. बाई एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटत होती. मुलगी आल्याचं मी सांगितलं नाही. आधी ओळख पटायला हवी होती आणि बाईची मर्जीही कळायला हवी होती. जुनी केस तपासतोय, एवढंच म्हणालो.

"मुलीच्या अंगात काय होतं?"

"ह्यांचा जुना शर्ट कापून शिवला होता, साहेब."

"खिशात काही?"

तिचं लाटणं थांबलं. "शेंगदाणे. मीच सोलून भरले होते. पिंपरीच्या बाजारात गर्दीला भिऊन रडायची, म्हणून. त्या दिवशी तिथंच हात सुटला."

शेंगदाणे माझ्या पंचनाम्याशिवाय कुठेच लिहिलेले नव्हते. "ती भेटायला आली तर?" मी विचारलं.

पिठाचे हात पदराला पुसत तिने मलाच विचारलं, "लई रागावलीय का हो माझ्यावर?"

रक्ताची रीतसर तपासणी झाली. मग माझ्याच कार्यालयात भेट ठरली. मुलगी यायच्या आधी मी बाईला विचारलं, "तेव्हा आमच्या ठाण्यात आला होतात?"

"दोनदा. वहीत असं नाव नाही म्हनले."

"ते नाव मी चुकीचं लिहिलं होतं."

"बावीस वर्सं, साहेब," ती एवढंच बोलली. मी पंचनाम्याची प्रत काढून ती ओळ वाचून दाखवली: सोललेले शेंगदाणे अकरा नग. तिने विचारलं, "पन शेंगदाणे कुणी मोजले?"

"मीच."

"मोजले म्हणून सापडली," ती म्हणाली आणि दाराकडे बघत बसली.

निवृत्त होईपर्यंत मी ठाण्यातल्या नव्या पोरांना ही केस सांगत असे. लेकराचं नाव दोनदा, तीनदा विचारा आणि तरीही त्यावर विसंबू नका. डोळ्यांना दिसेल ते सगळं लिहा, कुणी हसलं तरी लिहा. दुसऱ्याचं अख्खं आयुष्य आपल्या त्या एका ओळीवर अडलेलं असू शकतं, हे मला फार उशिरा कळलं.

त्या भेटीत तिघी किती रडल्या, किती हसल्या, ते सांगत नाही. निघताना जन्मदात्या आईने आपल्या पिशवीतले शेंगदाणे लेकीच्या ओंजळीत ओतले. लेकीने ओंजळ माझ्यापुढे धरली आणि म्हणाली, "साहेब, नोंद करून घ्या."

मी मोजायला लागलो. पाचाच्या पुढे काही जाता येईना, डोळ्यांना दिसतच नव्हतं.