आसरेच्या हातातल्या हिरव्या बांगड्या

शेलूबाजारात अमीनाबीला ओळखत नाही असं म्हणणारा एक तर नवा जावई असेल, नाही तर थापाड्या. जन्मभर ती बांगड्यांची टोपली डोक्यावर घेऊन गावोगाव फिरली. बाईचा हात हातात आला की आधी बोटं दाबून मऊ करायची, मग घरातली बातमी काढायची. सुनेची कुरबुर सासूच्या आधी अमीनाबीला कळायची आणि अमीनाबीकडून मला.

पण तिचा खरा माल म्हणजे इंझोरीच्या विहिरीतली आसरा. आसरा म्हणजे पाण्यात राहणारी बाई, सात बहिणींतली एक. रुसली तर माणूस ओढून नेते. एकदा भरदुपारी अमीनाबी त्या विहिरीच्या पायऱ्यांवर टेकली, तर पाण्यातून हात वर आला. थंडगार, तळव्यावर रेघ नाही. "म्या तोंड पायलंच नाई. आपुन गिऱ्हाइकाचा हात पाहावं. माप सव्वादोन." तिनं हिरव्या बांगड्या भरल्या, आणि तेव्हापासून टोपलीतली बांगडी म्हणे कधी तडकली नाही. म्हणून दरसाल आसरेला बांगड्या पोचवायच्या. सुरुवातीला गोष्टीत हात एकच होता; माझ्यादेखत त्याचे दोन झाले, आणि गेल्या दिवाळीपर्यंत सातही बहिणी रांगेत उभ्या राहिल्या.

यावर तोंडावर हसायची ती एकटी इंझोरीची भागिरथा. घर बौद्ध, आणि नवरा जानराव असा की भुताखेताचं नाव निघालं की भाषणच सुरू. "तुयी आसरा उंबऱ्याबाहेर ठेव आन तू आत ये," म्हणत भागिरथा तिला भाकर वाढायची. अमीनाबी विहिरीपाशी किती वेळ असायची कोण जाणे, भागिरथेच्या ओसरीवर मात्र दिवस मावळेपर्यंत बसायची.

यंदा तिचे गुडघे सुजले. नातू तौकीरनं टोपली माळ्यावर टाकली.

"दादी, फिरनं बंद. दुकानात बस."

"आसरा वाट पाहून राह्यली ना, बाबू."

"तिलेच बोलाव इकडं. जीप चालू हाय."

अमीनाबी मोबाईलच्या कव्हरांमध्ये मुकी होऊन बसली. मी मुद्दाम एका मोडलेल्या सोयरिकीची ताजी बातमी घेऊन गेलो, तर म्हणाली, "राहू द्या."

पुढच्या बाजारी जीपमधून भागिरथा उतरली. दुकानात शिरली, अमीनाबीसमोर बसली आणि हात पुढे केला.

"आसरेनं धाडलं मले. म्हने, अमीनाबी येत नाई, तं माया बांगड्या तुयाच हातात भरून आन."

अमीनाबीनं हात चाचपला. "तिचा हात थंड राह्यते. हा तं गरम हाय."

भागिरथेनं तौकीरचा पाण्याचा तांब्या उचलला आणि हातावर ओतला. कव्हरं भिजली. तौकीर ती पुसायला लागला.

"आता?"

"आता थंड हाय. पन तिचं माप सव्वादोन. तुयं अडीच."

"पान्याबाहेर आली, सुजला."

अमीनाबी हसली, कितीतरी दिवसांनी. बोटं दाबत दाबत तिनं हिरव्या बांगड्या चढवल्या, आणि मग हात काही सोडला नाही.

"जानरावले काय सांगशीन?"

"हात तुयापाशीच ठेवून जाईन," भागिरथा म्हणाली. "सोड ना बुढे, जीप निंगते."

"निंगू दे, दुसरी येते. आन पुढच्या बाजारी बाकीच्या साहाजनींलेही घेऊन ये."

"मंग जीपवाल्याले आतापासूनच सांगून ठेवा लागन," भागिरथा म्हणाली आणि मांडी घालून बसली.