बर्फाकाठचं पाणी

वणीच्या रस्त्याला आमची द्राक्षबाग आहे. दुपारी मांडवाखाली आडवं झालं की मला अजून जहाज हलल्यासारखं वाटतं. वाऱ्यावर तारा गुणगुणतात, डोळे मिटतात, आणि पानांच्या जागी तो पांढरा समुद्र येतो. उन्हाळ्यात तिथे रात्र होत नाही. सूर्य क्षितिजावरून नुसता फिरत राहतो, बर्फ पाण्यात हळू हळू कुरकुरतो आणि आपण जागे आहोत की नाही हेही कळत नाही.

दक्षिण ध्रुवाजवळच्या त्या पाण्यात विरघळलेलं लोखंड मोजणं हे माझं काम. लोक हे ऐकून आधी हसतात, मग विचारतात, "पगार कोण देतं?" आईने तर हसणंही सोडून दिलं होतं. वडील गेल्यापासून बाग तीच बघते. छाटणी, फवारणी, मजुरांची मनधरणी, हे तिच्या लेखी काम. मी करते ते फिरणं. प्रत्येक मोहिमेनंतर ती दारातच विचारायची, "झालं ना फिरून? आता परत नाय ना जायचं?" मी हसून वेळ मारून न्यायचे, पण ते मला लागायचं.

एकदा तिला समजावून सांगितलं. त्या समुद्रात डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती असतात. त्यांना ऊन आहे, खतपाणी आहे, फक्त लोखंड नाही. हौदभर पाणी आटवलं तर सुईच्या टोकावर मावेल एवढं निघेल. म्हणून एवढा मोठा समुद्र उपाशी राहतो.

"आपल्या वेलाच्या शेंड्याची पानं पिवळी पडत्यात तसं?"

"अगदी तसंच."

"मग टाका की दोन पोती फेरस."

काही लोकांनी समुद्रात असं लोखंडाचं खत खरंच टाकून पाहिलंय, हे मी तिला सांगितलं नाही. तिला आणखी जोर आला असता.

अशा पाण्यात बाहेरून धुळीचा कणही जाऊ द्यायचा नसतो. प्लास्टिकने मढवलेल्या खोलीत, हातमोजे घालून, बांगडी-अंगठी उतरवून आम्ही बाटल्या भरतो आणि प्रत्येक बाटली दोन पिशव्यांत गुंडाळतो. जहाज मात्र सगळं लोखंडाचं. मिठाच्या गोणीवर बसून अळणी वरण चाखावं, तसला हा उद्योग.

एका वर्षी नवरात्रात नमुन्यांची पेटी एका प्रयोगशाळेतून दुसऱ्या प्रयोगशाळेत न्यायची होती. वाटेत दोन दिवस घरी थांबले. पेटी माझ्या खोलीत ठेवली आणि कुणी हात लावू नका म्हणून बजावलं. खंडेनवमीला सकाळी मी झेंडूची फुलं आणायला बाहेर पडले. रस्त्यावरून देवीच्या गडाकडे पायी जाणारे लोक अनवाणी चालले होते, कोवळ्या उन्हात धुळीने सोनेरी पडदा धरला होता, आणि मी त्यातून तरंगत असल्यासारखी परत आले.

अंगणात आईने पाट मांडून हत्यारं ओळीने लावली होती. विळे, खुरपी, फवारणीचा पंप, वडिलांची छाटणीची कात्री. आणि कात्रीच्या शेजारी माझी बाटली. दोन्ही पिशव्या काढलेल्या, झाकणावर हळदकुंकू.

"झाकण उघडलं होतंस?"

"जरा बघितलं. एवढं काय हाय त्यात म्हणलं. बोट बुडवलं, तर पाण्यासारखं पाणी."

ते बोट हळदीने पिवळं आणि कुंकवाने लाल होतं. आणि पेटीतल्या सगळ्या बाटल्यांमधून तिच्या हाताला लागली होती ती नेमकी बर्फाच्या अगदी काठची. तिथे वारा पडायची वाट बघत आम्ही दिवसचे दिवस काढले होते आणि शेवटी एवढी एकच बाटली भरता आली होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडणार तेवढ्यात आई म्हणाली,

"समद्यांची हत्यारं पुजली. तुझं कंचं ते मला ठावं नव्हतं. तुझंच राहून गेलं असतं ना."

मी त्या ओळीकडे पुन्हा पाहिलं. वडिलांच्या कात्रीला तिने कधी कुणाला शिवू दिलं नव्हतं. तिच्या शेजारी माझी बाटली होती. पाणी वाया गेल्याचं फार वाईट वाटलं आणि त्याहून कितीतरी जास्त आनंद झाला. मी फुलं तिच्या हातात दिली. त्यातलं एक तिने बाटलीवरही वाहिलं.

पुढे ते पाणी मी मोजलं. कळत होतं, तरी मोजलं. बाकी सगळ्या बाटल्यांचे ठिपके आलेखाच्या तळाशी निजल्यासारखे पडले होते आणि एक ठिपका थेट आभाळात गेला होता.

थंडीत द्राक्षांचे मणी भरू लागले तेव्हा घरी गेले. मांडवाखाली बसून आईला मोबाइलवर तो आलेख दाखवला.

"ह्यो वर गेलाय त्यो कशाचा?"

"तुझ्या बोटाचा."

तिने बोट पदराला पुसलं, जणू अजून काही लागलंय.

"काढून टाक त्यो. तुझं काम खोटं पडंल."

"काढलाय."

"मग तिथलं पाणी परत आणाया पायजे," आई म्हणाली. "कधी निघतीस?"