वसिष्ठाशेजारचा ठिपका

युद्धाच्या वर्षांत मी आसेगावच्या शाळेत मास्तर होतो. माझ्या जुन्या दुर्बिणीचं डोळ्याकडचं भिंग हरवलं होतं, म्हणून ती कॅमेऱ्याला जोडून मी सप्तर्षींतल्या वसिष्ठ-अरुंधतीचा फोटो काढला. खुद्द वसिष्ठ म्हणजे दोन तारे आहेत असं वाचलं होतं, ते मला पाहायचे होते.

तेव्हा फिल्मच्या जागी काचेची निगेटिव्ह असे; ती काच वाशीमच्या फोटोवाल्यानं धुतली. तिच्यावर तीन काळे ठिपके उमटले होते: अरुंधती, वसिष्ठ आणि त्याला चिकटलेला एक बारीक. आनंदाऐवजी मला संशयच आला. हा माणूस नवरदेवांचे देवीचे व्रण काचेवर पेन्सिल फिरवून घालवायचा, आणि तिसऱ्या ताऱ्याचं मीच त्याला आधी सांगून बसलो होतो.

युद्धामुळे काचा मिळत नव्हत्या. उरलेल्या एकुलत्या एक काचेवर मी पुन्हा तोच फोटो काढला आणि ती घरीच धुतली. बारीक ठिपका तिथंही त्याच जागी होता.

ओशाळून मी फोटोवाल्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मले वाटलं, तुमीच ठिपका देऊन मायी परीक्षा पाहून राह्यले. म्यानं तो ओल्या कापसानं दोनदा पुसून पाह्यला."